गालावरचं पान

१

आमच्या घरात सकाळी सगळ्यात आधी सहाणेचा आवाज यायचा. माझी आई, आमची अमे, ओसरीत बसून दगडी सहाणेवर पाणी शिंपडायची आणि थनाख्याचं खोड सालीच्या अंगानं गोल गोल उगाळायची. खर्र, खर्र. त्या आवाजानं मला जाग यायची आणि पाठोपाठ वास यायचा, ओल्या लाकडाचा, थोडा चंदनासारखा, थोडा मातीसारखा.

थनाख्याचा लेप आमच्याकडे सगळेच लावतात. आमच्या गावच्या उन्हात त्याशिवाय बाहेर पडवत नाही. अमे बाजारात ही खोडं विकते, त्यामुळे आमच्याकडे खोड नेहमी चांगलं असायचं. पण लोक अमेला ओळखतात ते तिच्या पानासाठी. ती ओला लेप गालावर पसरते आणि तो सुकायच्या आत दात घासायच्या जुन्या ब्रशनं त्यात शिरा ओढते. मधली एक जाड, दोन्ही बाजूंना बारीक बारीक. सुकल्यावर वाटतं, गालावर कुणी खरंच पान आणून ठेवलंय.

ते पान माझं होतं. शाळेच्या पहिल्या दिवशी मी फाटकाला धरून रडत होते तेव्हा तिनं ते पहिल्यांदा काढलं. म्हणाली होती, आता कितीही गर्दी असू दे, मी तुला लगेच शोधून काढीन. त्यानंतर नववीत जाईपर्यंत रोज सकाळी मी तिच्यासमोर डोळे मिटून बसायचे आणि तिचा श्वास माझ्या नाकावर यायचा. माझ्यासारख्या मुलीला, जी वर्गात नाव पुकारल्यावरसुद्धा नीट हजर म्हणत नाही, तेवढं एक पान पुरायचं. बाजारातल्या बायका म्हणायच्या, ती बघा पानवाली.

त्या वर्षी ते पान माझ्या धाकट्या बहिणीच्या गालावर गेलं. मी माझा लेप मीच लावू लागले, दोन्ही गालांवर एकेक गोल. तसे गोल गावातल्या सगळ्याच मुलींच्या गालांवर असतात.

२

सान्दी सहावीत होती. तिला झोप लागायची नाही, झोप तिला गाठायची. चमचा तोंडाकडे जाता जाता थांबायचा आणि हनुवटी छातीवर टेकायची. प्रार्थनेला उभी असताना झोपायची. सगळ्यात वाईट म्हणजे हसताना. मनापासून हसली की तिचे गुडघे सुटायचे आणि ती ओल्या लुंगीसारखी खाली गोळा व्हायची. डोळे उघडे, ऐकू सगळं येतंय, पण बोट हलत नाही. शेजारच्या दॉ छो म्हणायच्या, हिच्या लग्नात कुणी विनोद करू नका रे, नवरामुलगा पळून जाईल. मग माझ्याकडे वळून म्हणायच्या, "आणि ही थोरली. हिला जागं असताना कुणी पाहिलंय का? तोंडातून शब्द निघेल तर शपथ."

आमचे वडील, अफे, मंडालेला ट्रक चालवतात, घरी क्वचितच येतात. तेच सान्दीला तिथल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, हा आळस नाही आणि बाहेरची बाधाही नाही. मेंदूत झोप आणि जाग यांच्यामध्ये एक दार असतं, हिच्या दाराची कडी नीट बसत नाही. दुपारी ठरलेल्या वेळी झोपवा, विहिरीवर एकटीला सोडू नका. कधी कधी ती अर्धवट झोपेत उठेल, खाईल, बोलेल, आणि नंतर तिला काही आठवणार नाही. त्यानं घाबरू नका.

अमेनं सगळं नीट ऐकून घेतलं, पाळलंही. पण शिवाय तिनं तिचं एक केलं. झोपेत माणसाचा जीव फुलपाखरू होऊन बाहेर फिरायला जातो, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. परत येताना ते चेहरा बघून घर ओळखतं. म्हणून झोपलेल्याला दचकवून उठवायचं नाही आणि झोपलेल्याचा चेहरा बदलायचा नाही. रंग फासायचा नाही, लागलेला लेप पुसायचा नाही. इतरांची फुलपाखरं रात्री एकदा जातात. सान्दीचं दिवसातून कितीदा जातं, त्याचा हिशोबच नाही. तेव्हा तिचा चेहरा कायम एकसारखा हवा आणि गावात दुसऱ्या कुणाचा नसेल असा हवा, असं अमेनं ठरवलं.

"थिन्झा मोठी आहे, तिला समजतं," ती दॉ छोंना म्हणाली.

मला कुणी विचारलं नव्हतं. मी मान हलवली. मी मान हलवणारीच आहे.

पाण्याचा सण आला तेव्हा अख्खं गाव रस्त्यावर एकमेकांना भिजवत होतं. सान्दीचं पान धुतलं जाईल म्हणून तिला घरात ठेवलं आणि तिला सोबत म्हणून मला. खिडकीच्या फटीतून आम्ही दोघी बघत होतो. सान्दी मध्येच माझ्या खांद्यावर झोपली. तिच्या गालावरचं पान माझ्या सदऱ्याला घासू नये म्हणून मी किती तरी वेळ मान वाकडी करून बसले होते.

३

उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी गाव मेल्यासारखं होतं. आमचं घर खांबांवर आहे, खाली सावलीत कोंबड्यासुद्धा पंख पसरून पडलेल्या असतात. बांबूच्या भिंतीतून उन्हाच्या पट्ट्या चटयांवर येतात आणि हळूहळू सरकतात. आढ्यावर मोठी पाल असते, ती घसा साफ केल्यासारखं करते आणि ओरडते. मग पुन्हा शांत.

अमे सान्दीच्या चटईवर बसून तिला ताडपत्राच्या पंख्यानं वारा घालायची. माझी चटई समोरच्या भिंतीशी. पंखा माझ्या बाजूला झुकायचा तेव्हा वाऱ्याचं टोक माझ्या पायांपर्यंत यायचं. मी ते मोजत पडून राहायचे. झोप यायची नाही. गेले कित्येक महिने मला धड झोप नव्हती, पण ते सांगायचं कुणाला? आमच्या घरात झोपेचा आजार एकीला झालेला होता, दुसरीला जागा नव्हती.

एका दुपारी मात्र मला झोप लागली. स्वप्न पडलं, म्हणजे मी तेव्हा त्याला स्वप्न समजले. अमे नखांच्या पाठीनं माझे केस मागे सारत होती. तिनं माझ्या तळहातावर ताडगुळाचा खडा ठेवला आणि म्हणाली, हळू खा. मी हळू खाल्ला.

जाग आली तेव्हा मी माझ्या चटईवर होते आणि माझ्या तोंडात गोड चव होती.

समोर सान्दी झोपलेली होती. तिच्या ओठांवर गुळाचा चुरा होता. अमेनं बोट ओठांवर ठेवून मला गप्प राहायची खूण केली, आणि मग हळूच म्हणाली की सान्दी मधेच उठली होती, गूळ खाल्ला आणि परत झोपली. "डाव्या हातानं खाल्लंन बघ. तुझं बघून बघून शिकतेय."

डावरी मी आहे. लहानपणी डाव्या हातानं खाल्लं म्हणून मी याच घरात हातावर चमचा खाल्लेला आहे. सान्दीच्या बाबतीत अमेला हसू आलं होतं.

४

मी स्वतःला समजावलं. गुळाचा वास झोपेत नाकात गेला असेल. वासाचं स्वप्न होतं, स्वप्नाची चव होते. ज्या गोष्टीचा माणूस दिवसभर हेवा करतो ती त्याला झोपेत मिळते, यात नवल काय?

संध्याकाळी सान्दी गूळ मागायला लागली. दुपारी खाल्लास की, असं अमे म्हणाली तर ती रडवेली झाली. तिला काहीच आठवत नव्हतं. पण हेही डॉक्टरांनी सांगून ठेवलेलंच होतं. त्यांच्या सांगण्यात सगळं बसत होतं. फक्त माझी जीभ बसत नव्हती.

मग मला रोज दुपारी झोप लागू लागली. आणि रोज त्या झोपेत अमे होती. कधी ती माझी वेणी सोडून केस पंच्यानं पुसायची. कधी मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलेलं असायचं आणि ती दॉ छोंशी बोलताना तिचं पोट हलायचं, ते माझ्या कानाला लागायचं. उठल्यावर मी सान्दीकडे बघायचे. तिचे केस ओले असायचे. तिच्या कानावर अमे नेसते त्या लुंगीच्या विणीचा ठसा असायचा.

मला भीती वाटत होती, हे खरं. पण त्याहून खरं म्हणजे मी दुपारची वाट बघत होते.

असंच एकदा जेवताना अमे हसत दॉ छोंना सांगू लागली. आज सान्दी झोपेत उठून बसली आणि भलतंच काहीतरी विचारत होती. काय, तर अमे, माझं पान मला परत देशील का? पान हिच्याच गालावर, आणि विचारतेय परत देशील का.

माझ्या हातातला घास तसाच राहिला. ते मी विचारलं होतं. त्याच दुपारी, स्वप्नात. जागेपणी ते वाक्य मी कधीही कुणासमोर उच्चारलेलं नव्हतं.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं. दॉ छोंनी चमकून माझ्याकडे पाहिलं, मी जेवताना सहसा बोलत नाही.

"काय म्हणणार? म्हटलं, तुझंच आहे ते, वेडे. दुसऱ्या कुणाचं असणार?"

५

त्यानंतर मी नीट विचार केला. गणित सोडवताना करते तसा, पायरीपायरीनं. फुलपाखरू चेहरा बघून घर ओळखतं. इतकी वर्षं माझं फुलपाखरू पान बघून घरी येत होतं. ते पान अमेनं सान्दीला दिलं. सान्दीच्या फुलपाखराला वाट सापडावी म्हणून तिनं किती काळजी घेतली. माझ्या फुलपाखराचा तिनं विचार केला नाही. मलाही असं काही असेल, हे तिच्या मनात आलं नाही.

दुसऱ्या क्षणी वाटायचं, हा वेडेपणा आहे. नववीतली मुलगी आहेस, विज्ञानात चांगले मार्क आहेत.

एका सकाळी सान्दी माझ्याजवळ येऊन बसली. मी कपडे घडी करत होते. ती मला मा म्हणते, म्हणजे ताई. ती म्हणाली तिला काहीतरी सांगायचंय, पण अमेला सांगू नकोस, ती घाबरते.

"मा थिन्झा, मी दुपारी झोपले ना, की परत येताना आपल्या दारात कुणीतरी बसलेलं असतं. मला आत येऊ देत नाही."

"कोण?"

"तोंड दिसत नाही. पाठमोरी असते." तिनं माझ्या वेणीकडे पाहिलं आणि पटकन नजर काढली. "मी खूप वेळ पायऱ्यांवर उभी राहते. रोज जास्त वेळ. मग ती उठून जाते, मग मी आत येते. एखाद्या दिवशी उठलीच नाही तर?"

तिचे हात गार होते. त्या हातांची नखं तिनं कुरतडून पार आत नेली होती. मला तिची दया आली. हे मी खोटं लिहीत नाही. पण त्याच वेळी असंही वाटलं की हिला भीतीसुद्धा अशी मिळाली, की कुणी ऐकलं तर हिलाच पोटाशी धरेल.

मी अमेकडे गेले. ती सहाणेवर होती. मी म्हणाले, मला हल्ली झोपेत काहीतरी होतं. खोड फिरायचं थांबलं नाही. तिनं विचारलं ताप आहे का, मी म्हणाले नाही. डोकं दुखतं का, मी म्हणाले नाही.

"मग बरी आहेस ना. सान्दीचं एवढं चाललंय, त्यात तू नको गं काही काढूस."

मी मान हलवली. आणि वाटीत उरलेला लेप मागितला. तिनं वाटी माझ्याकडे सरकवली, कशाला म्हणून विचारलं नाही.

उपाय सरळ होता. माझ्या चेहऱ्यावर माझं पान असलं की माझं फुलपाखरू माझ्याकडे येईल. सान्दीला तिचं दार मोकळं मिळेल. आरशासमोर बसून मी डाव्या हातानं पान काढलं. अमेसारखं जमलं नाही. उजव्या गालावरचं तिरकं झालं, डाव्यावरच्या शिरा एकमेकींत मिसळल्या. सान्दी दारात उभी राहून बघत होती. तिला हसू फुटलं, ती म्हणाली हे पान बकरीनं खाल्लंय, आणि हसता हसता तिचे गुडघे गेले. मी तिला वेळेवर धरलं आणि चटईवर निजवलं. तिचे डोळे उघडे होते, ती माझ्याकडे बघत होती. मग ते मिटले.

दुपार व्हायला आलीच होती. मी समोरच्या चटईवर आडवी झाले.

६

कपाळावर अमेचा हात होता. पंख्याचा वारा सरळ तोंडावर येत होता. इतका वारा मला आमच्या घरात कधी मिळाला नव्हता. डोळे न उघडता मी तशीच पडून राहिले. स्वप्न संपायची वाट बघत होते.

ते संपलं नाही. डोळे उघडले तर उन्हाच्या पट्ट्या आढ्याच्या उलट्या बाजूला होत्या. मी हात वर केला. बोटं लहान होती, नखं कुरतडलेली.

"उठलं माझं पिल्लू," अमे म्हणाली. "आज किती झोपलीस."

मी मान वळवली. समोरच्या भिंतीशी, समोरच्या चटईवर, मी झोपले होते. शाळेची हिरवी लुंगी, पोटावर डावा हात, तोंड जरासं उघडं. आपण झोपेत कशा दिसतो ते मला माहीत नव्हतं. मी त्या मुलीला रस्त्यात पाहिलं असतं तर लक्षातसुद्धा राहिली नसती. तिच्या गालांवर तिरकं, बकरीनं खाल्लेलं पान होतं. पापण्यांखाली बुबुळं हलत होती. डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे. एखादं माणूस अंधारात घरामागून घर बघत जातं तशी.

मला कळलं ती सान्दी आहे. अजून बाहेर आहे. पायऱ्यांवर उभी असेल. हे दार बंद दिसलं की दुसऱ्या पानाकडे जाईल, समोरच्या. आणि तिथं जाईल तेव्हा ती उठून अमेला हाक मारेल, सगळं सांगेल.

अमेनं ओलं फडकं पिळून माझी मान पुसली. गालांना हात न लावता, जपून. मग ते तिनं बादलीच्या काठावर टाकलं. मी उठून ते घेतलं. पाय हलके होते, मला त्यांची सवय नव्हती.

मी त्या चटईजवळ जाऊन बसले. अजूनही काही झालेलं नव्हतं. मी अमेला सांगू शकले असते, किंवा नुसती वाट बघू शकले असते. मी एवढंच ठरवलं की तिला विचारायचं. ती नको म्हणाली, नुसती दचकली, तरी मी फडकं टाकून देणार होते. परत सान्दीच्या चटईवर जाऊन कशीही झोपणार होते. मला तिच्याकडून तेवढंच ऐकायचं होतं.

"अमे," मी म्हणाले. शब्द स्पष्ट उच्चारले, तिला नीट ऐकू जावेत म्हणून. "मा थिन्झाचा चेहरा पुसू? ती झोपलीय."

अमे सहाण उचलून ठेवत होती. तिनं वळून पाहिलं. त्या चटईकडे पाहिलं, त्या चेहऱ्याकडे, पानाकडे. मी थांबले. मला वाटतं मी श्वाससुद्धा घेतला नाही.

"पूस की," ती म्हणाली. "काय वेड्यासारखं रंगवून घेतलंय बघ. सगळा लेप वाया."

आणि ती खोडं बांधायला ओसरीत गेली.

मी आधी उजवा गाल पुसला. लेप चांगला सुकलेला होता, आधी भेगा पडल्या, मग तो भिजून फडक्यावर आला. मग डावा. पापण्यांखाली बुबुळं जोरात फिरू लागली. खिडकीच्या पट्ट्यांमध्ये काहीतरी होतं. सावली होती म्हणावं तर तिला पडायला कुठली वस्तू नव्हती. ती कोऱ्या गालावरून गेली, क्षणभर माझ्या चेहऱ्यापाशी आली, माझ्या पापणीला तिचा वारा लागला, इतकी जवळ. मी डोळे मिटले नाहीत. मी दारात बसल्यासारखी बसून राहिले.

नंतर उन्हाच्या पट्ट्या नुसत्या उन्हाच्या झाल्या. चटईवरचा श्वास चालू होता, एकसारखा. पापण्यांखाली काही हलत नव्हतं.

ओसरीतून अमेनं हाक मारली, "सान्दी, ये बाळा."

"आले, अमे," मी म्हणाले. हाक मारल्याबरोबर, पहिल्याच हाकेला, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.